आमच्या घरातला अडकित्ता

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

आळे म्हटलं की बहुतेकांना दोन गोष्टी आठवतात. एक आळेफाटा, जिथे पुणे-नाशिक आणि कल्याण-नगर हे दोन रस्ते एकमेकांना छेदतात. दुसरी, ज्ञानेश्वरांनी ज्याच्या मुखातून वेद वदवले असं आपण मानतो, त्या रेड्याची समाधी. मी ज्या तिसऱ्या गोष्टीबद्दल बोलणार आहे ती कुणाला आठवायचं कारण नाही. ती आमच्या घरातल्या माळ्यावर होती.

एक सागवानी पेटी. हातभर लांब, वीतभर रुंद. आत हिरव्या बनातीचं अस्तर आणि लाकडी पट्ट्यांनी पाडलेले खण. एका खणात अडकित्ता, दुसऱ्यात बोटभर लांबीची पितळी नळी, तिसऱ्यात भोक पाडलेला लोखंडी ठोकळा आणि त्या भोकात जाईल असा एक दांडू. एका कोपऱ्यात उथळ पत्र्याची थाळी, तिच्या तळाशी तपकिरी, टणक काहीतरी चिकटलेलं. बनात हिरवी असल्यामुळे मला लहानपणी वाटायचं, ही पेटी एखाद्या दर्ग्यातली असणार. दादीचं मत वेगळं होतं. ती म्हणायची, "उस पेटी कू हात नको लगाव." चुकून लागलाच तर साबणाने हात धुवायला लावायची. का, ते सांगायची नाही.

अडकित्त्याने सुपारी कातरत नसे. दोन्ही मुठी दाबल्या की पुढचे दोन जाड जबडे एकमेकांवर घट्ट बसत, पण त्यांना धार नव्हती. धार होती ती मागे, खिळीजवळ, अगदी नखाएवढी. अब्बा म्हणायचे, बनवणाराच चुकला असेल. पुढे ते गेले, दादी त्याआधीच गेली होती, आणि पेटी माझ्या वाट्याला आली.

काही वर्षांपूर्वी शिवजयंतीच्या निमित्ताने गावात जुन्या वस्तूंचं प्रदर्शन भरवायचं ठरलं. पोरं घरोघर फिरत होती. कुणी जातं दिलं, कुणी मोडी कागद, कुणी तलवारीची मूठ. माझ्याकडे आले तेव्हा मी पेटी काढून दाखवली. त्यांच्यासोबत तालुक्याच्या गावाहून आलेले एक जाणकार होते. त्यांनी अडकित्ता उघडला, जबड्यांच्या आतला खळगा पाहिला आणि म्हणाले, "भाई, हा गोळी ओतायचा साचा आहे. शिवकालीन. तुमचे पूर्वज शिवनेरीवर बरकंदाज असणार."

खरं सांगतो, मला त्या रात्री झोप आली नाही. आमच्या घरात एक गोष्ट पिढ्यान् पिढ्या सांगितली जायची की पणजोबा 'बंदुकीच्या कामावर' होते. कुठे, कुणाच्या, ते कुणालाच माहीत नव्हतं. मी आयुष्यभर मराठीत कविता लिहिली. कविसंमेलनानंतर कुणीतरी प्रेमाने जवळ येऊन विचारतं, "तुमचं मराठी इतकं छान कसं?" प्रश्न विचारणाऱ्याचा हेतू वाईट नसतो, पण उत्तर देऊन देऊन कंटाळा येतो. आता उत्तर पेटीतच मिळालं होतं. शिवनेरीवर. याहून अधिक काय पाहिजे? मी कागदावर दोन ओळी लिहून पाहिल्यासुद्धा.

साचा आहे हे त्या जाणकारांचं म्हणणं बरोबर होतं. पुढे मी पुण्याला राजा केळकर संग्रहालयात गेलो तो मुद्दाम अडकित्ते बघायला. दिनकर केळकर हे 'अज्ञातवासी' या नावाने कविता लिहायचे. एका कवीने इतके अडकित्ते जमवावेत याचं मला नेहमी नवल वाटत आलं आहे. मोर, घोडे, मिथुनं, काय काय रूपं! पण सगळ्यांत एक गोष्ट सारखी. अडकित्त्याचं वरचं पातं धारदार आणि खालचं सपाट. सुपारी खालच्यावर ठेवायची, वरचं दाबायचं. आमच्या वस्तूचे दोन्ही जबडे म्हणजे सारखे ठोकळे, आणि प्रत्येकात अर्धा खळगा. मिटले की दोन अर्ध्यांची एक पोकळी होते आणि वर शिसं ओतायला बारीक तोंड राहतं. शिसं ओतलं, गार झालं, साचा उघडला की गोळी बाहेर पडते. तिच्या डोक्यावर ओतताना राहिलेली शिशाची दांडी असते. ती छाटायला मागची नखाएवढी कातर. म्हणजे बनवणारा चुकला नव्हता, अब्बा चुकले होते.

शिसं हा गरिबाचा धातू. ३२७ अंशांना वितळतो. घरच्या चुलीवर, लोखंडी पळीत. त्यासाठी भट्टी लागत नाही, भाता लागत नाही. म्हणून तोड्याच्या बंदुकीच्या काळात ज्याची बंदूक त्याचा साचा असे. बंदुका हाताने घडवलेल्या, एकीची नळी दुसरीसारखी नाही; तेव्हा गोळीही ज्या त्या नळीच्या मापाची लागे. त्या काळची गोळी म्हणजे खरोखरच गोळी, लिमलेटसारखी गोल. नळी आतून गुळगुळीत, गोळी तिच्यापेक्षा थोडी लहान. वरून दारू घालायची, गोळी सोडायची, गजाने ठासायची, रंजक भरून जामगी लावायची. गोळी जरा सैलच असे, नाहीतर दोन-चार बारांनंतर नळीत काजळी साचली की ती आत जाईना. इंग्रजांच्या 'ब्राऊन बेस' बंदुकीतसुद्धा नळी पाऊण इंचाची आणि गोळी त्याहून चांगली दीड मिलिमीटरने लहान असायची. ती नेम धरून मारण्यापेक्षा रांगेने मारायची बंदूक होती.

शिवनेरी, चावंड, हडसर, जीवधन या किल्ल्यांवर जी गोळी ओतली गेली असेल ती अशी गोल. मराठ्यांच्या अठरा कारखान्यांत दारूखाना होता, तोफखाना होता. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात दारूचं कोठार घरांजवळ असू नये इथपर्यंत बारकावे आहेत. पानिपतावर इब्राहिमखान गारद्याच्या पलटणी याच जातीच्या गोल गोळ्या झाडत होत्या. आणि १८१८ मध्ये आमच्या बाजूचे हे सगळे किल्ले इंग्रजांच्या हाती गेले. ही शेवटची तारीख लक्षात ठेवा, कारण माझं सगळं घोडं तिथेच अडलं.

मी साच्याची पोकळी नीट पाहिली ती संग्रहालयातून परत आल्यावर, दुपारच्या उन्हात, भिंग घेऊन. पोकळी गोल नव्हती. ती अंगठ्याच्या टोकासारखी लांबट होती, पुढे निमुळती आणि मागे सपाट. आणि मागच्या भागात दोन उंचवटे होते, कड्यासारखे. साच्यात जिथे उंचवटा, तिथे गोळीवर खाच. म्हणजे या साच्यातून निघणाऱ्या गोळीच्या कमरेला दोन गोल खाचा पडत असणार.

या दोन खाचांनी शिवनेरी माझ्या हातून गेली.

ते कसं, ते सांगतो. नळीच्या आत पेचदार खाचा पाडल्या तर गोळी भोवऱ्यासारखी फिरत सुटते आणि सरळ जाते, हे युरोपात फार आधी माहीत होतं. अडचण अशी की गोळी त्या खाचांत घट्ट बसली पाहिजे, आणि घट्ट गोळी तोंडाकडून ठासायला वेळ लागतो. लढाईत तेवढा वेळ कुणाजवळ असतो? १८४० च्या दशकाअखेर फ्रान्समध्ये मिनिए नावाच्या अधिकाऱ्याने यावर तोड काढली. लांबट गोळी, बुडाशी पोकळ. ठासताना सैल, आणि बार उडाला की दारूच्या दाबाने तिचं बूड फुगून खाचांत घट्ट बसणार. तिथून लांबट गोळीचा काळ सुरू झाला.

पण घट्ट बसणारं शिसं पोलादाला घासतं. शिसं मऊ, त्याचा पापुद्रा नळीच्या खाचांत चढतो आणि थोड्या बारांत खाचा बुजतात. वर काळ्या दारूची काजळी. म्हणून वंगण पाहिजे. वंगण शिशाला चढू देत नाही आणि काजळी मऊ ठेवतं. ते गोळीच्या अंगावर टिकावं म्हणून या खाचा. मधमाशीचं मेण आणि चरबी हे त्याचं नेहमीचं मिश्रण. मेणाने घट्टपणा, चरबीने सुळसुळीतपणा. आपल्याकडच्या उन्हाळ्यात नुसती चरबी वितळून वाहून जाते, म्हणून मेण जास्त.

आता पितळी नळी आणि ठोकळा आपोआप उलगडले. इंग्लंड-अमेरिकेतल्या जुन्या बंदूकवाल्यांच्या मालाच्या याद्या पुन्हा छापल्या गेल्या आहेत. त्यांतल्या चित्रांत या वस्तू ओळीने दिसतात. काम असं चालायचं. थाळीत गोळ्या उभ्या मांडायच्या. मेण-चरबी वितळवून त्यांच्या भोवती ओतायची, खाचा बुडतील इतकी. थिजली की वडीसारखी एक चकती तयार होते, गोळ्या तिच्यात रुतलेल्या. मग ती नळी एकेका गोळीवर दाबून फिरवायची, आपल्या बायका वाटीने करंजीची गोल चकती पाडतात तशी. गोळी खाचांत वंगण घेऊन नळीत येते. शेवटी ठोकळा. साच्यातून निघालेली गोळी कधीच नेमकी गोल नसते. दोन जबड्यांच्या सांध्यावर शिवण येते, कधी केसभर फुगते. ती ठोकळ्याच्या भोकात ठेवून दांडूने ठोकून पार करायची. जास्तीचं वंगण खरवडून जातं आणि गोळी मापात येते. फाट्यावरच्या एका लेथवाल्याने व्हर्नियरने मापून दिलं: साच्याची पोकळी १३.२ मिलिमीटर, ठोकळ्याचं भोक १२.९. तीन दशांश मिलिमीटरसाठी एक अख्खं हत्यार! लेथवाला खूश झाला. म्हणाला, "हातानं रीमर मारलाय भाई, पण काय गोल आहे बघा."

अमेरिकेत जॉन बार्लो या माणसाने १८८४ साली 'आयडियल' नावाने हीच सगळी कामं एका पक्कडवजा अवजारात आणली. साचा, काडतुसाची टोपी बसवणं, गोळी दाबणं, सगळं एकाच मुठीत. तेही लांबून अडकित्त्यासारखंच दिसतं. तेव्हा अब्बांना फार दोष द्यायला नको.

शिवनेरी गेली, पण मनाला दुसरी वाट सापडली. मेण आणि चरबी म्हटल्यावर कुणाला १८५७ आठवणार नाही? पणजोबा त्या पलटणींतले असले तर? तेही काही कमी नाही.

तेव्हा ते प्रकरण काय होतं ते नीट बघितलं. १८५३ च्या नमुन्याची एन्फील्ड रायफल. नळीचं माप ०.५७७ इंच, म्हणजे साडेचौदा मिलिमीटरहून किंचित जास्त. तिची गोळी जवळजवळ ३ तोळ्यांची. काडतूस कागदाचं. शेवट दातांनी तोडायचा, दारू नळीत ओतायची, मग वंगण लावलेल्या कागदासकट गोळी उलटी करून आत सारायची. जानेवारी १८५७ मध्ये कलकत्त्याजवळ डमडमला बोलवा उठली की वंगणात गाईची आणि डुकराची चरबी आहे. एका खलाशाने ब्राह्मण शिपायाकडे पाण्यासाठी लोटा मागितला, त्याने नाकारला, तेव्हा खलाशी म्हणाला की लवकरच तुमची जात राहणार नाही, अशी कथा सांगतात. सरकारची मोठी चूक ही की चरबी कुठल्या जनावराची असावी याकडे कंत्राट देताना कुणी बघितलंच नव्हतं. महिनाअखेर परवानगी आली की शिपायांनी आपलं वंगण आपण आणून लावावं. पुढे दातांऐवजी हाताने काडतूस फाडावं अशीही सुधारणा झाली. पण तोवर शंका वंगणावरून कागदावर गेली होती. नव्या कागदाला चकाकी होती, तीच संशयाला पुरली. २९ मार्चला बराकपूरला मंगल पांडे. २४ एप्रिलला मेरठला तिसऱ्या घोडदळाच्या ८५ स्वारांनी काडतुसं घ्यायला नकार दिला. ती काडतुसं जुनीच होती, नव्या वंगणाची नव्हती. पण तेव्हा ते ऐकून घेण्याच्या मनःस्थितीत कुणी नव्हतं. त्यांना बेड्या पडल्या आणि १० मे उजाडला. आपल्याकडे ३१ जुलैच्या रात्री कोल्हापूरला २७ वी पलटण उठली.

गाय आणि डुक्कर, दोन्ही एका थाळीत. हिंदू आणि मुसलमान शिपायांना एकाच वेळी दुखवायला याहून सोपी युक्ती कुणाला मुद्दाम शोधूनही सापडली नसती. मला ही हकीकत वाचताना दादी आठवली. तिच्या साबणाचं कारण मला पन्नाशी उलटल्यावर कळलं. थाळीच्या तळाला चिकटलेलं ते तपकिरी कशाचं आहे, याबद्दल तिच्या सासूने तिला काहीतरी सांगितलं असणार.

पण आमचा साचा १८५७ चाही नव्हे. एन्फील्डच्या त्या गोळीला खाचा नव्हत्या; तिचं अंग साफ असे आणि वंगण कागदाला लागे. माप जुळत नाही. आमची गोळी बारीक आहे. आणि मुख्य म्हणजे पलटणीतला शिपाई आपली गोळी आपण ओतत नव्हता. ती सरकारी कारखान्यांतून तयार काडतूस होऊन येई. विलायतेत वुलिचला तर यंत्रं शिशाच्या कांबीतून गोळ्या दाबून काढू लागली होती. पुण्याला खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ साली निघाला. हिरव्या बनातीच्या पेटीत, एका माणसाच्या एका बंदुकीसाठी मांडलेली अवजारं ही फौजेची नव्हेत. ती साहेबाच्या शिकारीची.

१२.९ मिलिमीटर म्हणजे, इंग्रजी हिशेबाने, अर्ध्या इंची एक्स्प्रेस रायफलची गोळी. मागून काडतूस भरायची ही काळ्या दारूची रायफल १८७० नंतर हिंदुस्थानात वाघ-बिबट्याच्या शिकारीला फार चालली. काडतुसाचं पितळी नळकांडं महाग. ते टाकून न देता पुन्हा भरायचं. साहेब जंगलात, तंबूत, विलायतेची डाक लांब. म्हणून ही पेटी. १८९० च्या दशकात बिनधुराची कॉर्डाइट दारू आली, गोळीवर तांब्या-निकेलचं कवच चढलं आणि घरी शिसं ओतायचं काम हळूहळू संपलं. तेव्हा आमची पेटी १८७० ते १९०० यांच्या मधली. त्याच काळात, १८७८ मध्ये, लॉर्ड लिटनच्या सरकारने हत्यारांचा कायदा केला आणि देशी माणसाला बंदुकीसाठी परवाना लागू लागला. गावोगावचे साचे त्यानंतर माळ्यावर गेले, अडकित्ते झाले, काही लोहाराकडे मोडीत गेले.

पणजोबांच्या 'बंदुकीच्या कामा'चा अर्थ मग असा लागतो: जुन्नरच्या डोंगरांत शिकारीला येणाऱ्या कुठल्यातरी साहेबाची बंदूक पुसायची, गोळ्या ओतायच्या, थाळीत चरबी वितळवायची. साहेब गेला, पेटी राहिली. ही माझी अटकळ. साच्यावर कुणाचं नाव नाही.

एक धाकधूकही सांगून टाकतो. १९५९ च्या शस्त्र कायद्यातल्या दारूगोळ्याच्या व्याख्येत तो बनवायची अवजारंही येतात. एका वकील मित्राने हे सांगितलं तेव्हा माझ्या पोटात गोळाच आला. जुनी वस्तू, निकामी वस्तू, हे सगळं खरं. पण मुसलमानाच्या घरात गोळी ओतायचा साचा सापडला, हे वाक्य कुठल्या सुरात वाचलं जाईल ते मला माहीत आहे. मी अर्ज लिहिला, पेटी घेऊन ठाण्यावर गेलो, नोंद करून घेतली आणि चहा पिऊन परत आलो. इतकंच झालं. पण जाताना एस.टी.त पेटी मांडीवर होती तो अर्धा तास मला अजून आठवतो.

प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी मी पोरांना सांगितलं की ही वस्तू शिवकालाच्या टेबलावर ठेवू नका. ते नाराज झाले. एकजण म्हणाला, "चाचा, राहू द्या ना, कोण विचारतंय?" त्याचा हेतू माझा मान ठेवण्याचाच होता. मी चिठ्ठी लिहून दिली: शिशाची गोळी ओतायचा साचा, वंगणाची नळी आणि मापाचा ठोकळा, विलायती, सुमारे १८७० ते १९००, शिकारीच्या रायफलीसाठी. पेटी दुसऱ्या टेबलावर, चाव्या देऊन वाजणारा ग्रामोफोन आणि रॉकेलचा कंदील यांच्या मधे बसली.

दुपारी गर्दी कमी झाल्यावर आमच्याच आळीतले एक माळकरी बाबा आले. चिठ्ठी वाचून घेतली. नळी कशाची, ठोकळा कशाचा, सगळं विचारलं. थाळीकडे हात नेला आणि थांबले.

"ही चरबी कशाची रं?"

"मेण आहे एवढं नक्की," मी म्हणालो. "बाकीचं सांगता येत नाही."

त्यांनी हात मागे घेतला. मग दोन्ही हात पाठीशी बांधून, खाली वाकून, पेटीतला एकेक खण पुन्हा पहिल्यापासून पाहत राहिले.